छिंग काळातलं चिनी घर रंगमंचावर: मान कुणाचा, चाल कशी?

वेंगुर्लेकर_नाटकवाला:
मंडळी, हौशी संचासाठी एकांकिका बसतेय. काळ १८५०च्या आसपास, म्हणजे चीनमधल्या छिंग राजवटीचा, जागा आग्नेय चीनमधल्या फूच्येन प्रांताचा किनारा, बऱ्यापैकी खातंपितं व्यापारी घर. विधवा सासू, दोन मुलगे, दोन सुना, थोरल्याची दुसरी बाई आणि सात वर्षांची पोर. मानापानाचा क्रम कसा? दुसरीला 'ठेवलेली' म्हणू की 'सवत'? आणि बांधलेल्या पायांनी बाई चालते कशी?

खाडीपलीकडे:
आधी पिढी, मग वय, मग बाई की पुरुष, या क्रमाने बघा. 'आधी बाप, मग नवरा, मग मुलगा' हे आज्ञापालनाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, म्हणून विधवा आईला मुलाच्या धाकात दाखवलं जातं. प्रत्यक्षात उलटं. आईला शिवी दिली आणि तिने स्वतः तक्रार केली, तर छिंग कायद्यात गळा आवळून मृत्युदंड होता. सासू मधोमध बसेल, मुलगे उभे. जावांचं आपल्यासारखंच: थोरल्याची बायको वयाने लहान असली तरी थोरलीच.

दुसरीसाठी तुमचे दोन्ही शब्द चुकतात. तिला 'छ्ये' म्हणत. ती कायद्याला मान्य, त्याच घरात राहणारी, म्हणून 'ठेवलेली' नाही. आणि सवत म्हटलं की बरोबरी आली, ती इथे नाही. लग्नाची बायको एकच. ती जिवंत असताना छ्येला तिच्या जागी बसवणाऱ्याला ९० फटके. छ्येची मुलं पहिलीलाच रीतसर आई मानणार, पण वाटणीत छ्येच्या मुलग्यांचा हिस्सा पहिलीच्या मुलग्यांएवढाच. पहिलीला मुलगा नसेल, तर तुमचं अर्धं नाटक इथेच आहे.

सुरंगीचा_वळेसर:
चालीबद्दल. नट्या हमखास चवड्यावर चालतात, ते चूक. भार टाचेवर, पावलं आखूड, गुडघे फारसे वाकत नाहीत.

पाय बांधायला साधारण पाच ते आठ वर्षांच्या वयात सुरुवात. पट्टी सुमारे ५ सेंमी रुंद, ३ मीटर लांब. अंगठा मोकळा, बाकी चार बोटं तळव्याखाली दुमडायची आणि टाच पुढे ओढून घ्यायची, म्हणजे पावलाची कमान वर मोडते. दर थोड्या दिवसांनी सोडून, धुऊन, पुन्हा आणखी घट्ट. नखं वेळेवर कापली नाहीत तर ती मांसात रुततात आणि जखम सडते. फार आवळलं तर रक्त अडून बोटं गळतात. आदर्श माप तीन त्सुन (चिनी इंच), म्हणजे जेमतेम १० सेंमी. हे काम बायकांचंच, बहुधा आईचं, तेव्हा त्या प्रवेशात बाप नको.

घर हक्का समाजाचं किंवा होडीवर राहणाऱ्या तांका लोकांचं असेल, तर पाय मोकळेच ठेवा.

खाडीपलीकडे:
पोर लेक आहे की 'थुंग-यांग-शी', तेही ठरवा. म्हणजे लहानपणीच आणून सासूने वाढवलेली होणारी सून. फूच्येनात हे खूप चाले. मोठ्या नवरीचं देज आणि जेवणावळ वाचते, शिवाय सून हाताखाली तयार होते. 'मग ही नवऱ्याला काय म्हणते?' असं प्रेक्षक विचारतीलच. ज्याला दादा म्हणत वाढली, त्याच्याशीच पुढे लग्न, हीच तर अडचण.

वेंगुर्लेकर_नाटकवाला:
लेकच ठेवतो. शेवटी वाटणी आहे, तिथे काय सांभाळू?

सुरंगीचा_वळेसर:
चूल वेगळी करणं हा तिथेही अक्षरशः चुलीचाच प्रसंग. मुलग्यांना समान हिस्से, चिठ्ठ्या टाकून. लेकीला हिस्सा नाही, तिला मिळायचं ते लग्नात. साक्षीला बहुधा मामा. कागद लिहून प्रत्येकाला एकेक प्रत. सुनेची माहेरची पेटी आणि गाठीचे पैसे वाटणीत धरायचे नाहीत. जावांचं भांडण लावायचं तर याच पेटीवरून लावा. नंतर म्हातारी मुलांकडे पाळीने जेवते, आज थोरल्याकडे, उद्या धाकट्याकडे. मंचावर दोन चुली मांडा आणि तिची खुर्ची मधे ठेवा.