मॉलीच्या अंगावर रव्यासारखे दाणे, औषधाने गेले आणि दुप्पट होऊन परत आले

कोथरूडकर_ताई
नमस्कार, जरा लवकर सांगा प्लीज. आमचा दोन फुटी माशांचा टँक आहे, पाणी साधारण ५० लिटर, त्यात ६ मॉली, ८ निऑन टेट्रा आणि २ क्लाउन लोच. लोच दहा दिवसांपूर्वी आणले, पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि सरळ टँकमध्येच सोडले. चौथ्या दिवशी काळ्या मॉलीच्या शेपटीवर तीन-चार पांढरे दाणे दिसले, रवा चिकटल्यासारखे, आणि ती सारखी लाकडाला अंग घासत होती. दुकानदाराने मिथिलिन ब्लू दिलं, दोन दिवस घातलं, दाणे गेले म्हणून बंद केलं. आज सकाळी बघते तर सगळ्यांच्याच अंगावर, मोजता येणार नाहीत एवढे. दोन टेट्रा गेले. बाकीचे फिल्टरचं पाणी पडतं तिथे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. काल फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, म्हटलं निदान घाण तरी नको. हीटर नाहीये, पावसामुळे पाणी गारच असतं. लेक रडतेय आणि सासूबाई म्हणतायत पोरांना लागण होईल, टँक काढून टाक. औषध डुप्लिकेट होतं का? मला मासे वाचवायचेत.

जुना_टँक
ताई, औषध डुप्लिकेट नव्हतं. हा व्हाइट स्पॉट, म्हणजे इक, आणि यात सगळेच फसतात, माझे पहिल्या वर्षी अख्खे टेट्रा असेच गेले. ते दाणे औषधाने गेलेच नव्हते, स्वतःहून गळून पडले होते. दाणा दिसतो तो परजीवी माशाच्या कातडीच्या आत बसलेला असतो, तिथपर्यंत औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटतो, खाली खड्यांवर, झाडांवर चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. कवच फुटलं की ती पिल्लं पोहत निघतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध, मीठ, जे काय लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणजे तुमची मॉली स्वच्छ दिसत होती तेव्हा खाली खड्यांत पुढची फौज तयार होत होती आणि नेमकं तेव्हाच औषध थांबलं.

आता ५० वॅटचा हीटर आणा आणि तापमान हळूहळू ३० वर न्या, दिवसाला दोन डिग्रीच्या वर चढवू नका. गरम पाण्यात हे चक्र काही दिवसांत उरकतं, गार पाण्यात आठवडे चालतं, आणि ३० ला बहुतेक वेळा त्याची वाढच खुंटते. बरोबर जाडं मीठ, लिटरला २ ग्रॅम, तुम्हाला एकूण १०० ग्रॅम, पण दोन दिवसांत चार भाग करून, मगमध्ये विरघळवून. थेट खडे टाकू नका, लोचच्या अंगाला लागतात. शेवटचा दाणा दिसेनासा झाल्यावर पुढे अजून आठवडाभर हे सगळं चालू ठेवायचं, ही एक गोष्ट पाळाच.

फिल्टरवाला
वरचं सगळं बरोबर आहे पण क्रम चुकेल म्हणून लिहितोय, आधी पाणी मग हीटर. धाप लागण्याचं एक कारण इक आहेच, तो कल्ल्यांतही बसतो, पण तुम्ही स्पंज नळाखाली धुतलात ना, क्लोरीनने त्यातले, माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया गेले असणार, आणि जे उरले असतील त्यांना मिथिलिन ब्लूने त्रास दिला असणार. अमोनिया चढला असेल आणि गरम पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो, वर त्यात ऑक्सिजनही कमी मावतो. लिक्विडवाली अमोनिया किट आणा, नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर अमोनिया आहे. आजच १५-२० लिटर बदला, नवीन पाण्यात अँटिक्लोरीन घालून, सायफनची नळी खड्यांत खुपसून खालचा गाळ ओढा, तिथली कवचंही त्याबरोबर निघतात. एअर पंप रात्रंदिवस चालू. खाणं दोन दिवस बंद, मासे उपाशी मरत नाहीत. स्पंज इथून पुढे टँकमधूनच काढलेल्या पाण्यात बादलीत पिळायचा.

माशांची_मावशी
सासूबाईंना सांगा इक माणसांना होत नाही. फक्त हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नये, ते कारण वेगळं आहे, माशांचे काही बॅक्टेरिया जखमेतून शिरतात. टँक काढायची अजिबात गरज नाही.

दुसरं, दाणे खरंच रव्याएवढे आहेत ना? टॉर्च तिरका धरून बघा. हळद भुरभुरल्यासारखी सोनेरी पूड चमकली तर तो व्हेल्व्हेट, म्हणजे दुसराच रोग, त्याचा इलाज वेगळा. आणि मॅलेकाइट ग्रीनवालं औषध कुणी सुचवलं तर लोच आहेत हे आधी सांगा, त्यांना खवले अगदी नावापुरते असतात, पूर्ण डोस सोसत नाही. जाळी, बादली या टँकची वेगळी ठेवा. पुढच्या वेळी नवीन मासे ३-४ आठवडे वेगळ्या टबात, आणि पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच ओतू नका.

कोथरूडकर_ताई
खूप खूप आभार सगळ्यांचे. किटमध्ये पाणी चांगलंच हिरवं आलं, चार्टवर १ शी जुळलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी २० लिटर बदललं, संध्याकाळपर्यंत वर येणं थांबलं. टॉर्च मारून बघितलं, सोनेरी काही नाही. अजून एक टेट्रा गेला. आज सहावा दिवस, ३० डिग्री आहे, मॉलीच्या अंगावर एकही दाणा नाही, लोचच्या कल्ल्यापाशी दोन आहेत. या वेळी थांबवत नाहीये. एकच विचारायचंय, पाणी बदलल्यावर मीठ परत १०० ग्रॅम घालायचं का?

जुना_टँक
नाही नाही, मीठ उडून जात नाही. जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच, २० लिटर काढलं तर ४० ग्रॅम. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना तर साधंच पाणी घाला. आणि पाणी काढायच्या आधी हीटरचा स्विच बंद करून पंधरा मिनिटं थांबा, गरम काच उघडी पडली की तडकते.