विंपोलला परत परत जाणाऱ्यांनो, लिहा!

केंब्रिजजवळच्या विंपोल इस्टेटला एकदा जाऊन आलेले खूप असतील, मला मात्र परत परत जाणाऱ्यांचं ऐकायचंय. आम्ही नॅशनल ट्रस्टची (जुने वाडे, बागा सांभाळणारी संस्था, विंपोलही तिचंच) मेंबरशिप घेतली आणि रविवारी कुठे जायचं हा प्रश्नच संपला. लेक मोठ्या वाड्याकडे बघतही नाही, थेट होम फार्म, म्हणजे तिथलं गुराढोरांचं शेत. ते मोठं गवताच्या छपराचं कोठार १७९४ च्या सुमाराचं, बँक ऑफ इंग्लंडचं काम करणाऱ्या जॉन सोनचं, पण मला त्याच्या दारात ओल्या पेंढ्याचा वास आला की मामाचा गोठाच आठवतो. तुम्ही कधी जाता, कशासाठी जाता?

---

आमचं एप्रिलमधलं लँबिंग, म्हणजे मेंढ्या वितात तो हंगाम, ठरलेलं. एका वर्षी मला सातवा महिना होता, आणि गरोदर बायकांनी व्यायला आलेल्या मेंढ्यांजवळ जायचं नसतं, इन्फेक्शनची भीती असते, म्हणून मी बाहेर बाकावर आणि नवरा आतून व्हिडिओ कॉलवर. पुढच्या वर्षी मात्र आत गेले. कोकरू पिवळ्या चिकट पाण्यानं माखलेलं, आई चाटतेय, आणि ते चार पाय चार दिशांना टाकत उठायला बघतंय. तिथल्या ताईंनी नाळेला आयोडीन लावलं आणि मेंढीच्या नि कोकराच्या अंगावर एकच नंबर मारला, म्हणजे कळपात चुकामूक झाली तरी कोण कुणाचं ते कळतं. मला एकदम भरून आलं.

---

माझे सासरे सांगोल्याचे, आयुष्यभर बैल राखलेले. तीन महिने इथे आले होते, पहिल्या आठवड्यातच घरात गप्प गप्प झाले, बोलणार तरी कुणाशी. विंपोलला नेलं तर व्हाइट पार्क गाईंपुढे उभे राहिले ते पाऊण तास हललेच नाहीत. "अगं पोरी, ही तर आपली खिल्लारच की! निस्ती कानं नि नाकाड काळं हाय." मग दर शनिवारी सकाळी चहा व्हायच्या आधी पायात बूट. एकदा त्यांनी एका गाईच्या चालीकडे बघून तिथल्या माणसाला हातानेच खुणावलं, मागचा पाय बघ म्हणून. त्याने पाय उचलून बघितला तर खुराच्या बेचक्यात खडा रुतलेला. त्यानंतर तो माणूस आबांना लांबूनच हात करायचा. आता गावाहून फोन आला की आधी गाईंची चौकशी, मग आमची.

---

मी एकटाच जातो, नाइट शिफ्ट संपली की. साउथ अव्हेन्यूची जुनी एल्मची झाडं रोगानं गेली, तिथे लाइमची (लिंबू नव्हे, लिंडन) लावलीत, त्यांच्यामधून सरळ चालत राहायचं. शेवटची मालकीण एल्सी बॅम्ब्रिज ही 'जंगल बुक'वाल्या किपलिंगची मुलगी, १९७६ ला तिनं सगळं ट्रस्टला ठेवलं. बापाचा जन्म आपल्या मुंबईतला, हे कळल्यापासून मला गिरगावकराला ती जागा जरा जवळची वाटते.

---

माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे. गर्दीत कान झाकून घेतो. बॅगॉट बकऱ्यांच्या कुंपणाशी मात्र शांत बसतो, पुढून काळ्या मागून पांढऱ्या, त्यांचं चघळणं बघत, म्हणून आम्ही शाळेच्या दिवसांत शेवटच्या तासाभरात जातो, तेव्हा कुणी नसतं. दोन वर्षं तो फक्त बघत होता. गेल्या मंगळवारी एक बकरी जाळीला कपाळ घासत होती, त्यानं आपणहून बोट पुढे केलं आणि म्हणाला, "मऊ."