वाकलेली की वाकवलेली कमान?

प्रश्न: लवचीक कांबी वाकवून त्यांवर हलकं कापड ताणलं, की जे छत तयार होतं त्याला इंग्रजीत ‘बेंडिंग-अ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. एका भाषांतरात ‘वक्र-सक्रिय छत’ असं वाचलं. चालेल का?

उत्तर: मला ते पटत नाही. ‘वक्र’ म्हटलं की फक्त आकार कळतो. इथे सगळा खेळ आकारात कोंडलेल्या जोराचा आहे. कापड सोडवलं तर कांब पुन्हा सरळ व्हायला धावते. तिची ही ओढच कापडाला ताठ ठेवते आणि कापड तिला उलगडू देत नाही.

यासाठी ‘कमान’ पुरेसा आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ धनुष्यच. दगडी कमान हा अर्थ पुढचा, आणि कामाच्या दृष्टीने जवळजवळ उलटा: तिथले दगड घडवलेले असतात, ते वाकत नाहीत, नुसते एकमेकांवर दाबले जातात. म्हणून फरक दाखवायला ‘वाकवलेली कमान’ म्हणावं. ‘वाकलेली’ मात्र नको! ‘खांब वाकला’ म्हणजे बिघडला. ‘वाकवला’ म्हणजे कुणीतरी ठरवून वाकवला. जर्मनीतल्या मानहाइम शहरातल्या ‘मुल्टिहाले’ या सभागृहात (1975) लाकडी पट्ट्यांची सपाट जाळी खालून उचलत घुमटाकार केली आणि मग जागच्या जागी पक्की केली. तिथे कर्ता विसरून कसं चालेल?

कापडासाठी मी ‘चांदवा’ घेईन. ‘छत’ म्हणताना स्लॅबही डोळ्यांसमोर येतो.

प्रश्न: मग कांब, काठी की नळी?

उत्तर: भरीव असेल तर कांब, पोकळ असेल तर नळी. हा भेद अर्थासाठीही जपावा, कारण इथे जाडीवर बरंच अवलंबून असतं. गोल भरीव कांबीचा व्यास निम्मा केला तर तिचा वाकण्याला होणारा विरोध सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि तेवढाच ताण सोसून ती निम्म्या त्रिज्येत वळते. पण अशी बारीक कांब एकटी उभी केली तर बाजूला कलंडते. तिला दोन्हीकडून धरायचं काम चांदव्याचं.

आणि चांदव्याच्या आकाराला ‘खोगीराकार’ म्हणा. एका दिशेने वर, दुसऱ्या दिशेने खाली असा तो वळलेला हवा. सपाट राहिला तर वाऱ्यात फडफडतो आणि पावसाचं पाणी साचून झोळी होते. ‘झोळ पडणे’ आपल्याकडे आहेच, त्यासाठी नवा शब्द घडवायला नको.