अपघात बघत पंधरा-वीस माणसं नुसती उभी का राहतात?

वाटसरू:
गेल्या महिन्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर, यवतच्या अलीकडे, एका दूधवाल्याची मोटारसायकल घसरली. दोन्ही कॅन आडवे झाले होते. मी गाडी बाजूला लावून उतरलो तोवर पंधरा-वीस माणसांचं कडं झालं होतं, मीही त्यात जाऊन उभा राहिलो. त्याच्या कानामागून रक्त येत होतं. डांबरावरचं दूध पसरत पसरत माझ्या चपलेपर्यंत आलं आणि मी पाय मागे घेतला. तेवढी एकच हालचाल मी केली. मोबाईल हातातच होता.

समोरच्या रसवंतीवरची बाई धावत आली, पदराचा बोळा करून जखमेवर दाबला आणि थेट माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ओ चौकड्याच्या शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला लावा फोन." त्याच क्षणी माझी बोटं चालायला लागली. तोवर सहा-सात मिनिटं गेली होती.

तेव्हापासून हाच विचार डोक्यात आहे. मला त्या माणसाची कीव येत नव्हती असं नाही, छाती धडधडत होती. मग मी हललो का नाही? जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खोलीत बसलेल्या विद्यार्थ्याला इंटरकॉमवरून दुसऱ्या कुणाला तरी अपस्माराचा झटका आल्याचा आवाज ऐकू येतो. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के झटका चालू असतानाच मदत मागायला बाहेर पडले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत मात्र फक्त ३१ टक्के. न उठलेल्यांच्या खोलीत प्रयोग घेणारे गेले तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांचे हात थरथरत होते. "तो बरा आहे ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

ते थरथरते हात मी ओळखतो. माझं म्हणणं एवढंच, की आपण निर्दय म्हणून थांबत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि सगळीच तोंडं शांत दिसतात, म्हणून थांबतो.

माणदेशी:
नाही पटलं. अमेरिकेतल्या खोलीत बसलेल्या पोराला पोलीस स्टेशनची भीती नव्हती. इथला माणूस तोंडाकडे बघत थांबत नाही, मागचं आठवून थांबतो.

माझ्या काकांनी २००९ साली एका अनोळखी माणसाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. रात्री दोनपर्यंत बसवून ठेवलं, तुम्हीच ठोकलं का असं तीनदा विचारलं. पुढे साक्षीला तारखा. काका ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. ऐन हंगामात टोळी सोडून तालुक्याला जायचं म्हणजे काय, हे ज्याच्यावर आलंय त्याला विचारा. रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१३ साली पाहणी केली होती. अपघातग्रस्ताला मदत करणार नाही असं म्हणणारे ७४ टक्के निघाले, आणि त्यातल्या ८८ टक्के लोकांनी कारण दिलं ते पोलीस-कोर्टाच्या झंझटीचं. लोक स्वतःच्या तोंडाने कारण सांगताहेत, मग त्यांच्या मनात वेगळं काही शोधायचं कशाला?

वाटसरू:
काकांचं वाचून वाईट वाटलं, आणि त्यांच्या जागी मीही पुढच्या वेळी दहादा विचार केला असता. पण आता तसं राहिलेलं नाही ना? मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, ही मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मान्य केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. आता नाव सांगायचीही सक्ती नाही. मला हे सगळं माहीत होतं, तरी मी उभाच होतो. माझ्या बाबतीत तरी पोलिसांची भीती हे कारण नव्हतं.

माणदेशी:
तुम्हाला माहीत होतं. त्या कड्यातल्या किती जणांना माहीत होतं? कायदा पुस्तकात बदलतो एका दिवसात, अंगात मुरलेली भीती पिढीभर राहते. काका आजही अपघात दिसला की मान फिरवतात, आणि तो माणूस वाईट नाही.

सिस्टर:
मी अपघात विभागात नोकरी करते, म्हणून दोन शब्द. "मदत" म्हटलं की लोकांना जखमीला उचलून रिक्षात घालायचं असं वाटतं, आणि ते जमणार नाही म्हणून काहीच करत नाहीत. मानेला मार असेल तर उचलूच नका. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, १०८ लावा, त्याच्याशी बोलत राहा. त्या ताईंनी नेमकं तेच केलं. नेमकं काय करायचं हे माहीत असलं की निम्मी माणसं पुढे येतील, असं मला वाटतं. तुमच्या दोघांच्या वादात हा भाग राहून गेला.

टिपणवही:
धागाकर्त्याशी माझा मतभेद वेगळा आहे. गर्दी माणसाला थिजवते ही समजूतच मुळात एका चुकलेल्या बातमीवर उभी आहे. १३ मार्च १९६४ ला न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स भागात किटी जेनोवीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी बघत राहिले, असं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं आणि त्यावरूनच हे सगळे प्रयोग सुरू झाले. ३८ हा आकडा फुगवलेला होता, हे त्याच वृत्तपत्राने २०१६ साली मान्य केलं. सोफिया फरार ही शेजारीण धावत खाली गेली होती. रुग्णवाहिका येईपर्यंत ती किटीला धरून होती. तिचं नाव त्या बातमीत आलंच नाही.

आता खऱ्या रस्त्यावरचं बघा. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या सीसीटीव्हीत सापडलेली २१९ भांडणं संशोधकांनी तपासली, ते २०१९ साली प्रसिद्ध झालं. दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि बघे जास्त तितकी ती शक्यता जास्त. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि अनोळखी माणसांना घरात घेऊन लोकांनी जेवू घातलं. आपल्याच माणसांवर इतका अविश्वास बरा नाही.

वाटसरू:
सोफियाबद्दल माहीत नव्हतं. वाचून थांबलो थोडा वेळ.

पण तुमच्याच उदाहरणातून मला वेगळं दिसतं. यवतच्या त्या कड्यावर कॅमेरा असता तर नोंद काय झाली असती? "कुणीतरी मदत केली." दहापैकी त्या नवांत आमचाही प्रसंग बसला असता. बघे जास्त तर त्यात एखादी रसवंतीवाली असण्याची शक्यताही जास्त, हे मान्यच आहे. पण त्या आकड्यात ती सहा-सात मिनिटं कुठे आहेत? आणि बाकीचे आम्ही पंधरा-वीस? तुम्ही मोजताय जखमीला मदत मिळाली का. मी विचारतोय, मी का हललो नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

डोंबिवलीकर:
यात घाई हे कारण कुणीच धरलं नाही. प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला होता, १९७३ ला प्रसिद्ध झाला. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. वेळ हातात असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १०. काहींना तर जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या माणसाच्याच कथेवर बोलायचं होतं! सकाळी ८:१४ पकडणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मी स्वतः पुलावर बसलेल्या आजींच्या बाजूने गेलोय, आणि ठाण्यापर्यंत त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलला नव्हता. २६ जुलैला कुणाला कुठे पोचायचंच नव्हतं, हेही त्या मदतीमागचं एक कारण असेल.

माणदेशी:
वाटसरू, एक विचारायचं राहिलं. फोन लावल्यावर पुढे काय झालं? नाव विचारलं का? पोलिसांचा फोन आला का?

वाटसरू:
त्यांनी ठिकाण विचारलं, आणि तेच मला सांगता येईना. रसवंतीवाल्या ताईंनी फोन घेतला, किलोमीटरचा दगड, पेट्रोल पंप, सगळं सांगितलं. गाडी आली, त्याला घेऊन गेली, तो शुद्धीवर होता. माझा नंबर त्यांच्याकडे गेलाच असेल. आज पाच आठवडे झाले, कुणाचाही फोन नाही.

माणदेशी:
काकांना पहिलं समन्स सात महिन्यांनी आलं होतं. त्यामुळे लगेच हार मानत नाही. दिवाळीनंतर मी स्वतः इथे येऊन तुम्हाला पुन्हा विचारेन. तोवर कुणी बोलावलं नसेल, तर हा धागा काकांना वाचून दाखवीन. त्यांना मोबाईलवरचं बारीक वाचता येत नाही.