‘एका पक्ष्यासाठी किती जमीन अडवणार?’ या प्रश्नाला माझं उत्तर

माळकरीण (सहकारनगर)

परवा इथेच एकांनी लिहिलं: "माळढोक संपल्यात जमा आहे. मोजणीत एखादा दिसला तरी बातमी होते. त्याच्यासाठी आमदार-खासदारांना पत्रं लिहिण्यापेक्षा जमीन मोकळी करा, शेतकऱ्याला जगू द्या. पुणेकरांनी आपले खड्डे बघावेत." शंभरएक जणांनी त्याला अंगठे दिले. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

नववीत असताना बाबा मला पहाटेच्या एसटीने सोलापूरला आणि तिथून नान्नजच्या माळढोक अभयारण्यात घेऊन गेले होते. मचाणावर बसलो. आधी आवाजच आला, लांब कुणी रिकाम्या रांजणात तोंड घालून हुंकार द्यावा तसा. सोबतचा वाटाड्या म्हणाला, "हूम बोलतोय." तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्या पक्ष्याचं नावच हूम. मग तो गवतातून चालत आला, गळ्याची पांढरी पिशवी फुगवलेली, कमरेएवढा उंच. बाबा कुजबुजले, "सलीम अलींनी याला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून आग्रह धरला होता." १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोर गावातही राहतो, माळढोकाला माळच लागतो.

तो माळ कसा गेला? आपल्या भाषेत माळ आहे, कुरण आहे, गायरान आहे, बरड आहे, पड आहे. ज्यांनी एवढे शब्द घडवले त्यांना ही जमीन निरुपयोगी वाटत नव्हती. सातबाऱ्यावर मात्र तिचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक जमीन, होतो आणि सरकारी नकाशात ती पडीक ठरते. पडीक म्हटलं की कारखाना चालतो, सोलर चालतं, नाहीतर खड्डे खणून झाडं लावली जातात. वनजमीन दुसऱ्या कामाकडे वळवायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्राची मंजुरी लागते. वनखात्याबाहेरचा माळ नांगरताना त्यावर कोण अंडं घालतं हे विचारणारं कुणीच नाही. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

म्हणून आपापल्या आमदारांना लिहा असं मी म्हणते. येत्या अधिवेशनात त्यांनी हे विचारावं: महसुली नोंदीत माळरान हा स्वतंत्र प्रकार का नाही? गायरान प्रकल्पाला देण्याआधी तिथल्या पशुपक्ष्यांची पाहणी का होत नाही? आणि जो शेतकरी विणीच्या दिवसांत गवत राखतो त्याला मोबदला का नाही? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा पक्षी पहिल्या, सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. त्याच्या घराला कुठल्या अनुसूचीत जागा आहे?

भीमाकाठ

ताई, तुम्ही एक सकाळ मचाणावर बसलात. मी त्या अभयारण्यात जन्मलो. उत्तर सोलापूर तालुका. आता मगरपट्ट्यात नोकरी करतो, पण वडील गावीच आहेत.

१९७९ साली सरकारने ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर काढलं. अर्ध्या पुणे जिल्ह्याहून मोठं. त्यात गावं, शाळा, बाजारपेठा, सगळं आलं. गवताचं राखीव रान त्यात मूठभर, बाकी आमची शेतं. बहिणीच्या लग्नाला वडिलांनी दोन एकर विकायला काढली. ना-हरकत दाखल्यासाठी एका कचेरीच्या पायऱ्या दोन वर्षं झिजवल्या. शेवटी नोटरीवर व्यवहार झाला, तोही निम्म्या भावात. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर तीस वर्षं उलटली होती. आमच्याकडची पोरं त्या पक्ष्याचं नाव शिवी दिल्यासारखं घेत होती. पक्ष्याने आमचं काही वाकडं केलं नव्हतं, कागदाने केलं.

आणि ज्याला तुम्ही माळ म्हणता त्याच मुरमाड जमिनीत नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका द्राक्षाचं वाण काढलं. त्यावर गावंच्या गावं वर आली. ती बाग लावू नये, असं म्हणायचं होतं का?

शेवटचं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्या उजनी धरणात येतं. सोलापूर ते पितं. आमच्या पाण्याबद्दल तुमच्या आमदारांना एक पत्र लिहिलंत का कधी?

तारांतला माणूस

वीजवाहिन्यांच्या कामात बावीस वर्षं गेली, म्हणून लिहितो. सोलरला खलनायक करू नका. माझा मामेभाऊ शिरूरकडे रात्री दोन वाजता दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला जातो. उसात बिबट्या, बांधावर साप. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज मिळावी म्हणून आहे. त्यात सोलर प्रकल्पाला दिलेल्या खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं. कोरडवाहू माळावर एवढं कुठलं पीक देतं?

माळढोक आपटतात म्हणून विजेच्या तारा जमिनीखाली घाला, हे म्हणायला सोपं आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातसाठी तसा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्यालाच तो सरसकट लागू होणं अवघड आहे हे मान्य करून समिती नेमावी लागली. उच्च दाबाची लाइन पुरणं म्हणजे घरातलं वायरिंग नव्हे.

माळकरीण (सहकारनगर)

@तारांतला माणूस, त्याच प्रकरणात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज मांडला गेला होता: राजस्थानच्या थर वाळवंटात वर्षाला अठरा माळढोक तारांवर आपटून मरतात. देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत. पक्ष्याचे डोळे बाजूला, समोरचं त्याला नीट दिसत नाही, अंगाने जड, ऐनवेळी वळता येत नाही. तुमच्या मामेभावाला दिवसा वीज मिळालीच पाहिजे, मी ती अडवत नाही. पण उसाला पाणी पाजून पाजून चोपण झालेल्या, पिकातून गेलेल्या खारट जमिनी आहेत, कारखान्यांची, गोदामांची छपरं आहेत. आधी गायरानच का?

@भीमाकाठ, तुमच्या वडिलांचं झालं ते चूकच होतं. पण नकाशा वाईट काढला म्हणून पक्ष्याला घर नको, हे मला पटत नाही.

टेकडीकाका

मूळ लेखात एक वाक्य हळूच घुसवलंय: "खड्डे खणून झाडं लावली जातात." म्हणजे झाडं लावणं हाही आता गुन्हा का? आम्ही अकरा जण १९९८ पासून रोज पहाटे पाच-पाच लिटरचे कॅन खांद्यावर घेऊन टेकडी चढतो. कडुनिंब, वड, पिंपळ, बहावा. उन्हाळ्यात सुट्टी नाही. तेव्हा ती टेकडी बोडकी होती. आज तिथे सावली आहे. लोक येतात, पोरं खेळतात. आणि घरात बसून कुणी लिहिणार की हे चुकलं?

गवतफुला

काका, बोडकी नव्हती. तिथे गवत होतं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना घेऊन तळजाई, वेताळ टेकडी, पर्वतीमागचा भाग वर्षानुवर्षं फिरतेय. कुसळी, मारवेल ही गवतं, पावसाळ्यात जमिनीलगतची फुलं, त्यावर चंडोल. हे पुण्याच्या टेकड्यांचं मूळ रूप. मग वनखात्याने उंदीरमारी लावली, तीच ती ग्लिरिसिडिया. लवकर वाढते, हिरवं दिसतं, आकडे भरतात. तिच्याखाली आता काय उगवतं ते वाकून बघा. राज्यात २०१९ च्या पावसाळ्यात तेहतीस कोटी रोपांचं लक्ष्य होतं. एवढे खड्डे घ्यायला जागा कुठे सापडते? माळावरच.

टेकडीकाका

मी उंदीरमारीचं एकही रोप लावलेलं नाही! खात्याचं पाप माझ्या माथी मारू नका. वड-पिंपळाला काय म्हणणं आहे तुमचं?

गवतफुला

वडाखाली कुसळ उगवत नाही एवढंच. उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटवीला, धाविकाला, चंडोलाला झाड म्हणजे शिकरा बसायची जागा. तुम्ही सावली लावलीत, पण ती ज्यांना नको होती त्यांना कुणी विचारलं नाही.

टेकडीकाका

बाई, शब्द जपून. त्यातला एक वड माझ्या पत्नीच्या नावाचा आहे. ती गेली त्या पावसात लावला. सव्वीस वर्षांच्या घामाला तुम्ही चूक ठरवताय, तेही दोन ओळींत. शहरात दर आठवड्याला रस्तारुंदीसाठी जुनी झाडं पडतात, बालभारती-पौड रस्त्यासाठी टेकडीच फोडायला निघालेत. तिकडे तुमचं गवतशास्त्र कुठे जातं? जे लोक झाडं तोडतात त्यांना तुम्ही आयतं कोलीत देताय. उद्या तेच म्हणतील, तज्ज्ञच सांगतात झाडं नकोत.

कडबनवाडीचा पाहुणा

मुद्दा माळढोकाचा होता. तरी माझंही एक लिहितो, कारण त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. इंदापुरातल्या कडबनवाडीला, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात दर हिवाळ्यात जातो. मयूरेश्वर जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथे गावकुत्र्यांची टोळी चिंकाऱ्याच्या पाडसामागे लागलेली या डोळ्यांनी पाहिली. गाडीचा हॉर्न वाजवत बसलो, उपयोग झाला नाही. ढाब्यांचा, कोंबड्यांच्या शेडचा कचरा माळावर पडतो आणि कुत्री त्यावर पोसतात. कायदा करणार असाल तर त्या कचऱ्याचं आधी बघा. जमिनीवरचं अंडं कुत्र्यापासून कुठली अनुसूची वाचवणार?

तारांतला माणूस

@टेकडीकाका यांच्याशी पूर्ण सहमत. तज्ज्ञ लोक माणसाचं मन बघत नाहीत.

गवतफुला

काका, पत्नीचं मला माहीत नव्हतं. त्या वडाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. बालभारती-पौड रस्त्याविरुद्ध मी स्वतः मोर्च्यात चालले आहे, तेव्हा मी कुठे होते हे विचारू नका.

पण कोलीत मी दिलेलं नाही. टेकडीला ‘बोडकी’ म्हणणं आणि माळाला ‘पडीक’ म्हणणं एकच आहे. रस्तावाल्यालाही ती बोडकीच दिसते. "इथे होतंच काय" म्हणत तो यंत्र घेऊन येतो. टेकडी गवताची म्हणूनही मोलाची आहे असं आपण सगळे पूर्वीच बोललो असतो, तर आज फक्त झाडं मोजून भांडावं लागलं नसतं.

भीमाकाठ

गवतफुला मॅडमशी भांडायलाच आलो होतो, पण इथे त्यांचं बरोबर आहे.

आमच्या गावाजवळ एका गायरानात वृक्षलागवड झाली. तारेचं कुंपण आलं. माझे चुलते मेंढरं राखायचे, धनगरांचे वाडेही दिवाळीनंतर तिथे उतरायचे. कुंपणाने सगळं बंद. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपं वाळली, कुंपण मात्र राहिलं. चुलत्यांनी मेंढरं विकली आणि कुरकुंभला एका कंपनीत रखवालदार झाले. माळ गेला तेव्हा पक्ष्याच्या आधी आमचा माणूस हलला.

चुलते सांगायचे, मेंढरं माळावर असली की नाकतोडे उडतात आणि हूम त्यांच्या मागे चालतो. म्हणजे दोघांचं जमत होतं. हे मी आजवर कुणा पक्षीमित्राच्या तोंडून ऐकलं नाही. तुमच्या पत्रात मेंढपाळ कुठे आहे?

माळकरीण (सहकारनगर)

नाही. मेंढपाळाचं नाव मी लिहिलं नाही. शेतकरी लिहिला आणि तिथेच थांबले.

तारांतला माणूस

गायरान अडवू नये म्हणणारे हेच लोक उद्या भारनियमनाविरुद्ध लिहितील. असो. चोपण जमिनीचा मुद्दा मात्र तपासण्यासारखा आहे. सबस्टेशनपासून पाच-सहा किलोमीटरच्या आत अशी जमीन मिळत असेल तर तांत्रिक अडचण नाही. पाया घालायचा खर्च वाढेल, तो कुणी सोसायचा ते आमदारांनी सांगावं. बाकी माझं मत बदललेलं नाही.

भीमाकाठ

मी सही करीन, पण दोन गोष्टी लिहून द्या. एक, कुणाच्याही खासगी जमिनीच्या खरेदी-विक्रीवर, विहिरीवर, घरावर नव्याने बंदी येणार नाही. जे राखायचं ते सरकारी माळ आणि गायरान, आणि ज्याची स्वतःची इच्छा आहे त्याचं शेत, रोख मोबदला देऊन. मोबदला खात्यावर, विणीच्या आधी. दुसरी, गायरानात मेंढरांचा हक्क राहील, कुंपण पडणार नाही. हे नसेल तर १९७९ पुन्हा होणार, आणि आमची पोरं पुन्हा त्या पक्ष्याला शिव्या देणार.

उजनीचं विसरलेलो नाही. तो धागा वेगळा काढतोय, तिथे सगळ्यांनी यायचं.

माळकरीण (सहकारनगर)

दोन्ही कलमं जशीच्या तशी घालते, तुमच्याच शब्दांत. एक मात्र तुम्हीही माना: विणीच्या काळात राखीव रानाच्या कडेचं चराईचं क्षेत्र फिरतं ठेवावं लागेल. अंड्यावर मेंढरू पाय देतंच.

भीमाकाठ

फिरती चराई चुलत्यांना माहीत होती. कुंपणवाल्यांना नव्हती. घाला.

टेकडीकाका

रात्रभर विचार केला. आज पहाटे वर गेलो तेव्हा पठाराच्या बाजूला, जिथे आम्ही अजून पोचलो नाही, तिथे खाली बसून बघितलं. गवतात टिटवी होती. मी उठेपर्यंत ओरडत राहिली, म्हणजे जवळ कुठेतरी अंडी असणार. इतकी वर्षं ती ओरडत होती आणि आम्ही तिला हाकलून खड्डे घेत होतो.

यंदाच्या पावसाळ्यासाठी त्या पठारावर चाळीस खड्ड्यांची आखणी केली होती. ते घेत नाही. गटातले दोघे माझ्यावर चिडले आहेत. उतारावरच्या झाडांना पाणी घालणं सुरूच राहील आणि त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. पत्राची एक प्रत मला पाठवा. आमच्या भागाच्या आमदारांच्या कार्यालयात मी स्वतः नेऊन देतो, पोच घेऊन येतो.