प्रदीप भिडे : पत्रकार की नुसते बातम्या वाचणारे?

गिरगावकर
परवा जेवताना साडूशी वाजलं. विषय निघाला प्रदीप भिडेंचा (७ जून २०२२ ला गेले, मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकापासून जवळपास चाळीस वर्षं मराठी बातम्या), तर हा म्हणतो कसला पत्रकार, समोर ठेवलेला कागद वाचायचा माणूस, त्यात एवढं काय. मला राग आला पण पटकन उत्तर सुचेना हे पण खरं. माझं मत असं की बातमी पोचवणं हेही कामच आहे, आणि चाळीस वर्षं आवाज न चढवता, लोकांना विश्वासार्ह वाटेल असं ते करणं म्हणजे गंमत नाही. तुम्ही काय म्हणता?

सडेतोड
साडू बरोबर आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, त्यानंतर कितीतरी वर्षं दुसरं चॅनलच नव्हतं, मग विश्वासार्ह कोणाच्या तुलनेत? आणीबाणीत सरकारला अडचणीची किती बातमी दूरदर्शनवर आली सांगा. निवेदकाला दोष देत नाहीये, कागद त्याचा नव्हताच, पण मग श्रेय तरी त्याचं कसं? गोड आवाजात सांगितली म्हणून बातमी खरी होत नाही.

नाशिकची मावशी
अहो सडेतोड, कागद तुम्ही वाचून दाखवा बरं एकदा, घड्याळ लावून, समोर कॅमेरा! सुरुवातीला तर टेलिप्रॉम्प्टर पण नव्हता, खाली बघायचं, वाक्य डोक्यात धरायचं आणि वर बघून बोलायचं. आणि उच्चार!! आज 'जाळपोळ' मधला ज 'जीव' मधल्या ज सारखा ऐकू येतो, 'चाकरमानी' चा च थेट चहातला. माझी नात तेच ऐकून तसंच बोलते, तिला सांगायला जावं तर मलाच वेड्यात काढते.

रात्रपाळी
मी एका चॅनलच्या डेस्कवर नऊ वर्षं काढलीत त्यामुळे जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. भिडे, विश्वास मेहेंदळे (मुंबई दूरदर्शनचे पहिले मराठी वृत्तनिवेदक, जानेवारी २०२३ मध्ये गेले) ही माणसं मोठीच. पण तेव्हाचं बुलेटिन लिहून तयार असायचं हो, ठरलेली मिनिटं आणि नमस्कार. आता ब्रेकिंग आलं की रनडाऊन (बातम्यांचा ठरलेला क्रम) गेला खड्ड्यात, हातात दोन ओळी, कानात पीसीआरमधून (कंट्रोल रूम हो) प्रोड्यूसर ओरडतोय फोनो घे फोनो घे, म्हणजे कोणाला तरी फोनवर घे, रिपोर्टरची लाईन तुटते, आणि अँकरने चेहरा न हलवता तासभर बोलत राहायचं. कागद नसताना. त्यात ज चुकला तर चुकला राव.

मावशी (पुन्हा)
तासभर बोलायला सांगतं कोण? कळलं नाही तर नाही कळलं म्हणा आणि गप्प बसा की.

रात्रपाळी
ते डेस्कवरच्यांनाही वाटतं मावशी. बाजूचं चॅनल गप्प बसत नाही ना.

अनुराधा
सगळे पुरुषांचंच बोलताय म्हणून लिहिते. स्मिता पाटील पण मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, जीन्सवर साडी नेसून बसायची हा किस्सा सगळ्यांना पाठ, तिथूनच बेनेगलांच्या नजरेत आली. ती गेली सिनेमात. पण ज्या बायका बातम्यांतच राहिल्या त्यांचं काय? २००७-०८ मध्ये झी २४ तास, स्टार माझा वगैरे धडाधड चॅनल आले, तेव्हा ज्या मुली स्क्रीनवर होत्या त्यातल्या आज किती दिसतात? पुरुष अँकरचे केस पिकले की तो संपादक होतो, बाईचे पिकले की ती पडद्यामागे 'कंटेंट' मध्ये जाते. रेडिओवर तरी सुधा नरवणेंचा आवाज पुणे केंद्रावरून वर्षानुवर्षं सकाळी ऐकला आपण, कारण तिथे चेहरा कोणी बघत नव्हतं. 'चाळीस वर्षांचं करिअर' म्हणून कौतुक करताना ते कोणाला करू दिलं जातं हे पण बघा जरा.

गिरगावकर
अनुराधाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि करिअर म्हणतो पण दूरदर्शनवर बरेचसे निवेदक कॅज्युअलवरच, महिन्यातले ठराविक दिवस बोलावणं यायचं. भिडे पण जाहिराती, माहितीपट, डबिंग करायचेच. म्हणजे ज्या कामासाठी सगळा महाराष्ट्र ओळखतो, नुसत्या त्यावर घर चालणं कठीणच.

सडेतोड
बघा, म्हणजे फुल टाईम पत्रकार नव्हतेच. माझा मुद्दा शाबूत आहे. बाकी आमचे अण्णा बातम्या लागल्या की पंखा बंद करायला लावायचे, खडखड करतो म्हणून, भर मे महिन्यात. पण त्याचा इथे संबंध नाही.