होस्टेलच्या कुत्र्यांवर नोटीस लागलीय, आता नक्की काय करता येईल?

मेसची_पोळी
नमस्कार मंडळी. पुण्यात एका कॉलेजच्या होस्टेलला राहतो, एमएस्सीचं दुसरं वर्ष. आमच्या मेसमागे पाच कुत्री आहेत, मी यायच्या आधीपासूनची. त्यातली चंपी तर सिनियर्सच्या सिनियर्सनी वाढवलेली, आता तोंड पांढरं झालंय तिचं, पण रात्री लायब्ररीतनं कुणी एकटं येताना दिसलं की गेटपासून होस्टेलच्या दारापर्यंत सोडायला येते. परवा कुलसचिवांच्या सहीची नोटीस लागली, कॅम्पसमध्ये भटक्या जनावरांना खायला घालायचं नाही, घालताना दिसल्यास ५०० रुपये दंड, आणि कुत्री महापालिकेची गाडी येऊन नेणार. खाली सुप्रीम कोर्टाचं नाव टाकलंय. आता ऑगस्टमध्ये तर नसबंदी करून परत जागेवर सोडा असं कोर्ट म्हणालं होतं ना? मग हे कसं? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा.

जाता जाता अजून एक, रूममेटने पावसात सापडलेलं मांजराचं पिल्लू कपाटात ठेवलंय, रेक्टर सरांना अजून पत्ता नाही. त्याचंही काय ते सांगा. आणि "एवढा पुळका आहे तर घरी घेऊन जा" लिहू नका प्लीज, चंपीला न्यायला आई तयार आहे, बाकीच्या चौघांचं काय?

बाकावरचा_वकील
ऑगस्ट आणि नोव्हेंबरची गल्लत होतेय तुझी. २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश सगळ्यांसाठीचा, नसबंदी, लस, जंताचं औषध आणि मग जिथून उचललं तिथेच परत, फक्त रेबीजवाली किंवा अंगावर येणारी सोडायची नाहीत. ७ नोव्हेंबरचा आदेश वेगळा आहे, त्यातला कुत्र्यांचा भाग शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं असल्या जागांपुरता. तिथली कुत्री उचलायची, नसबंदी आणि लस करायची, आणि त्याच जागी परत सोडायची नाहीत, शेल्टरला ठेवायची. शिवाय कुंपण घालायचं, प्रत्येक संस्थेने एक नोडल अधिकारी, म्हणजे या कामाला जबाबदार माणूस, नेमायचा. त्यामुळे कुलसचिवांनी हे स्वतःच्या मनाने काढलेलं नाहीये, उगाच त्यांच्या केबिनबाहेर बोर्ड घेऊन बसू नका.

पण दंडाचं विचारायला हरकत नाही. ५०० रुपये कुठल्या ठरावाने, पावती मिळणार का, हे लेखी मागा. आणि उचलायचा मार्ग कायद्यातलाच हवा, म्हणजे २०२३ चे एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल, नसबंदीचे) नियम. गार्डने काठ्या घेऊन हाकलणं, पोत्यात भरून हायवेला नेऊन सोडणं किंवा विष घालणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली गुन्हा आहे, नोटीस असो नसो.

चावा_खाल्लेला
मी दुसऱ्या बाजूचा, शिव्या घाला पण वाचा. पहिल्या वर्षाला रात्री साडेअकराला मेसमागून येताना पोटरीला धरलं मला एकाने. शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस, रेबीजच्या लसीचे हे दिवस अजून पाठ आहेत, आणि पहिल्या दिवशी जखमेच्या आजूबाजूला जे सिरमचं इंजेक्शन देतात ते ज्याने घेतलंय त्यालाच कळेल. त्यात अठ्ठावीसावा दिवस नेमका प्रॅक्टिकलचा. ज्या ग्रुपमधली मुलं त्याला रोज पारले-जी घालायची त्यातलं एकही माझ्यासोबत दवाखान्यात आलं नाही, उलट "तू पळाला असशील म्हणून चावला" म्हणे. तुमची चंपी तुम्हाला सोडायला येते, मला बघून दात दाखवते, दोन्ही खरंय ना? खायला घाला हो, पण होस्टेलच्या पायरीवर कशाला?

गुरांचा_डॉक्टर
वरच्या भावाचं पटलं. पशुवैद्य आहे, नसबंदीच्या कामात काही वर्षं काढलीत म्हणून लिहितो. एबीसी नियमांतही खायला घालायची जागा जिन्यापासून, दारापासून, मुलं खेळतात तिथून लांब हवी असंच लिहिलंय, पण पाळतो कोण.

पोळी, तू आधी एक काम कर, आज संध्याकाळीच. पाचही कुत्र्यांचे फोटो काढ, दोन्ही बाजूंनी, आणि कान बघ. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. मादी किती, पोटात पिल्लं आहेत का, कुणाला दूध आहे का, शेवटची रेबीजची लस कधी, सगळं एका कागदावर. गाडी येते तेव्हा पकडणाऱ्यांना कुणीच काही सांगत नाही, आणि मग दूध पाजणारी मादी जाते नि पिल्लं गटारात राहतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो कागद नोडल अधिकाऱ्याला दे, एक प्रत गाडीवाल्याला. आणि चंपीला न्यायचंच असेल तर गाडी यायच्या आधी ने, लस देऊन, पालिकेचं लायसन्स काढून. म्हाताऱ्या कुत्र्याला अनोळखी शेल्टरमध्ये पन्नास कुत्र्यांत टाकलं तर ते खाणंच सोडतं.

आणि मेसचा ओला कचरा! झाकण नसलेला ड्रम असणार मागे, पैज लावतो. तो तसाच राहिला तर ही पाच गेली की शेजारच्या वस्तीतली सात येतील, त्यांना ना लस ना खाच. कुत्रीला दोन महिन्यांत पिल्लं होतात, पुढच्या सत्रापर्यंत परत तुमचीच नोटीस.

पवईकर
कुत्र्यांवर थांबलात तर नशीबवान आहात 😄 मुंबई आयआयटीत २०१९ च्या जुलैत बैलाने एका पोराला उडवलं होतं, आणि त्याच सुमारास वर्गात शिरलेल्या गाईचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. वर नॅशनल पार्क लागून असल्यामुळे बिबट्या, आणि त्या जंगलाच्या कडेच्या बिबट्यांचं मुख्य जेवण म्हणजे कुत्रीच. तिथे खरकटं उघड्यावर टाकणं म्हणजे कुत्र्यांमार्फत बिबट्याला आवतण.

परदेशी_पोहे
अमेरिकेत शिकतेय. इथे भटकं कुत्रं कॅम्पसवर दिसतच नाही, इथली भांडणं वेगळी. होस्टेलमध्ये पाळीव प्राणी बंद, फार तर माशांची छोटी टाकी. पण डॉक्टरांचं पत्र असेल तर मानसिक आधारासाठी मांजर-कुत्रं रूमवर ठेवता येतं, घरांबाबतच्या कायद्याखाली. नेब्रास्का विद्यापीठाने असंच एका विद्यार्थिनीला नाही म्हटलं, केस झाली, २०१५ मध्ये १,४०,००० डॉलरवर मिटवावी लागली. वर्गात मात्र फक्त ट्रेनिंग दिलेला सर्व्हिस डॉग, आणि नियमांत छोट्या घोड्यांचीही सोय आहे, थट्टा नाही. मांजराबद्दल, रूममेटला सांग रेक्टरना स्वतःहून जाऊन सांग, कपाटात सापडलं तर पिल्लू आणि रूम दोन्ही जाईल.

बाकावरचा_वकील
मांजराला नोव्हेंबरचा आदेश लागू नाही, त्यातला कॉलेजांबद्दलचा भाग कुत्र्यांचा. पण होस्टेलच्या फॉर्मवर सही करताना "पाळीव प्राणी ठेवणार नाही" ही ओळ होती, बघ जरा.

मेसची_पोळी
अपडेट. कान बघितले, तिघांना खाच आहे, दोन माद्यांना नाही, त्यातली एक पोटुशी वाटतेय. ड्रमला झाकण नव्हतं, डॉक्टरसाहेब पैज जिंकलात. नोडल अधिकारी म्हणून आमच्याच झूलॉजीच्या मॅडमना नेमलंय आणि त्यांनाही ते नोटीस बोर्डवरच कळलं. कागद दिला, त्या म्हणाल्या पोटुशीचं गाडीवाल्यांशी बोलते, आणि खायला घालायचं आजपासून बंद, झाकण मात्र उद्याच बसेल. चंपीला शनिवारी न्यायला बाबा गाडी घेऊन येतायत. पिल्लाचं रेक्टर सरांना सांगितलं, त्यांच्या मुलीने नेलं. चावा_खाल्लेला, तुझ्यासोबत कुणी आलं नाही ते वाचून वाईट वाटलं यार. तू आमच्याच कॉलेजचा आहेस का? मेसमागे साडेअकरा वगैरे फारच ओळखीचं वाटतंय.

चावा_खाल्लेला
बी विंग, २०४. शनिवारी चंपी गेली की सांग, मग खाली येतो.